चित्त दोरीपाशी: जपजी, सिमरन आणि अरदास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

बदली होऊन मी नांदेडला आले तेव्हा वडिलांना जाऊन पाच महिने झाले होते. आमचं घर माळकरी. दिवेलागणीला वडील हरिपाठ म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. ते गेल्यावर हरिपाठाला बसलं की पहिल्याच अभंगाला गळा दाटायचा. शेवटी मी बसणंच सोडलं.

आमच्या बँकेच्या शाखेत एक दखनी शीख, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या शीख घरातल्या, ताई आहेत. घरात पंजाबी, बाहेर आपल्यासारखीच मराठी. एका रविवारी त्या मला तख्त सचखंड श्री हजूर साहिबला, नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्यात, घेऊन गेल्या. आत कीर्तन चालू होतं. शब्द फारसे कळत नव्हते, आणि एकदम कानावर आलं: 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले'. पुढे 'राखीअले', 'बेधीअले'. मी ताईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "भगत नामदेवजींचा शबद आहे. तुमचेच की."

गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत. २०१५ साली पंजाबात घुमानला साहित्य संमेलन भरलं तेव्हा नामदेवांचं तिथलं वास्तव्य आपल्याकडे खूप चर्चेत आलं, पण हे शबद म्हणून बघितलेली माणसं मला आजही फार कमी भेटतात. या शबदात नामदेव सांगतात: कागद आणून, कापून पतंग केला, आभाळात सोडला. पोरगं पाच जणांशी गप्पा मारतंय, पण चित्त दोरीवर. मुली पाण्याच्या घागरी भरून हसत बोलत चालल्यात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरतेय, चित्त वासरात. आई घरात-दारात कामाला जुंपलेली, चित्त पाळण्यातल्या बाळाशी.

सिमरन, म्हणजे नामस्मरण, काय असतं हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण ते हातात यायला मला बराच काळ लागला, कारण सुरुवात कुठून करायची हे सांगणारं मराठीत काही सापडत नव्हतं. म्हणून हे लिहितेय. मी अमृतधारी (खालसा दीक्षा घेतलेली) नाही, ग्रंथी (गुरुद्वाऱ्यात पाठ करणारी) नाही, कुणाची गुरूही नाही. नऊ वर्षं रोज बसतेय, एवढाच माझा अधिकार.

आधी जमवाजमव

- नितनेमचा गुटका. नितनेम म्हणजे रोजचा नेमाचा पाठ, बाण्या म्हणजे त्यात म्हणायच्या गुरूंच्या रचना, आणि गुटका म्हणजे या बाण्यांची छोटी पोथी. देवनागरी लिपीतला आणि अर्थासह असलेला घ्या. गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांत मिळतो.
- गुटका गुंडाळायला स्वच्छ कापड आणि ठेवायला उंचावरची कोरडी जागा. जमिनीवर, उशीखाली किंवा पर्समध्ये चपलांच्या पिशवीशेजारी नको.
- डोकं झाकायला ओढणी किंवा मोठा रुमाल. टोपी चालत नाही.
- बसायला सतरंजी. गुडघे दुखत असतील तर खुर्ची. ठराविक आसन लागत नाही.
- सावकाश म्हटलेल्या जपजीचं ध्वनिमुद्रण. जपजी म्हणजे गुरू नानकांची, सकाळी म्हणायची बाणी.
- एक साधी वही.

दीक्षा, फी, माळ, उदबत्ती यांतलं काहीही लागत नाही. 'वाहेगुरू' हा गुरमंत्र गुपित नाही. तो कानात सांगण्याचे कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा.

१. संगतीत, म्हणजे जमलेल्या भक्तांत, जाऊन बसा

घरी एकट्याने सुरुवात करू नका. आधी जवळच्या गुरुद्वाऱ्यात चार-पाच वेळा जाऊन नुसतं बसा. कुठल्याही धर्माच्या माणसाला तिथे जाता येतं. तंबाखू, सिगारेट, दारू यांतलं काही जवळ नको. खिशातली तंबाखूची पुडी विसरून आत जाणारे आपल्याकडे बरेच असतात, ती घरीच ठेवून या.

चपला जोडाघरात द्यायच्या, हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं. दरबारात गेल्यावर गुरू ग्रंथ साहिबसमोर माथा टेकायचा आणि बाजूला संगतीत मांडी घालून बसायचं. पाय गुरू ग्रंथ साहिबच्या दिशेने पसरायचे नाहीत. पैसे ठेवलेच पाहिजेत असं नाही. कुणी "वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह" म्हणालं तर हात जोडून तेच म्हणायचं. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. दिसायला शिरा, पण कणकेचा. कणीक, तूप आणि साखर सारख्या वजनाने. हात तुपकट होतात, ते तसेच चपलांना लावू नका.

बायकांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो कुणी विचारत नाही. मी ताईंना दबक्या आवाजात विचारला: पाळीत आलं तर चालतं का? त्यांनी सरळ आवाजात सांगितलं, "चालतं." गुरू नानकांनी आसा दी वार या आपल्या बाणीत सुतक-विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला आहे: सुतक मानायचंच झालं तर ते सगळीकडेच आहे, शेणात आणि लाकडातही किडे असतात, धान्याचा एकही दाणा जीवाशिवाय नसतो. लहानपणापासून महिन्यातले चार दिवस देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेल्या मला त्या दुपारी काय वाटलं, हे शब्दांत सांगता येणार नाही. त्यानंतर पाळी आली म्हणून मी नितनेम कधीही चुकवलेला नाही.

२. महिनाभर फक्त ऐका

आपल्याला घाई असते पाठांतराची. पण जपजी साहिबची रचना बघा. एकूण ३८ पौड्या, म्हणजे पायऱ्या. त्यातल्या आठव्यापासून अकराव्यापर्यंतच्या चार 'सुणिऐ'च्या, म्हणजे ऐकण्याच्या. 'मंने'च्या, म्हणजे मनापासून मानण्याच्या चार त्यानंतर येतात. गुरू नानकांनी कान आधी ठेवला.

म्हणून पहिला महिना रोज एका वेळी, एका जागी, ध्वनिमुद्रण लावून पूर्ण जपजी ऐका. गुटका समोर उघडा ठेवा आणि बोट ओळीवरून फिरवा. तोंडाने काही म्हणू नका. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. स्वयंपाक करताना ऐकणं वेगळं. ते जरूर करा, पण हे त्यात धरू नका.

दुसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट लक्षात आली. अर्थ न कळताही आवाजाचा चढउतार ओळखीचा व्हायला लागला. कुठे श्वास घ्यायचा, कुठे ओळ मोडायची, ते कानाला कळतं. ते पुस्तकातून कळत नाही.

३. मूलमंत्र, उच्चारासकट

आता तोंड उघडा. जपजीच्या सुरुवातीला मूलमंत्र आहे. देवनागरी गुटक्यात तो साधारण असा छापलेला असतो: 'इक ओअंकार सति नामु करता पुरखु निरभउ निरवैरु अकाल मूरति अजूनी सैभं गुर प्रसादि'.

एकच तो, सत्य हेच त्याचं नाव, करणारा तोच, भय नाही, वैर नाही, काळाच्या पलीकडचं रूप, जन्माला न येणारा, स्वयंभू, गुरूच्या कृपेने लाभणारा. 'निर्भय' आणि 'निर्वैर' आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत, ही आपली सोय.

सापळा उच्चारात आहे, आणि मी त्यात वर्षभर अडकले होते.

पहिली गोष्ट, शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार. छापलेलं 'सति नामु', म्हणायचं 'सतनाम'. 'पुरखु'चं 'पुरख', 'मूरति'चं 'मूरत', 'प्रसादि'चं 'प्रसाद'. हे इकार-उकार बहुतेक ठिकाणी व्याकरणाचे असतात, अर्थ दाखवतात, तोंडात येत नाहीत. आपण संस्कृत स्तोत्रं अक्षर न अक्षर म्हणत मोठे झालो, त्यामुळे नेमकं इथेच चुकतो.

दुसरी गोष्ट खास मराठी. आपल्याकडे च आणि ज दोन तऱ्हेचे. 'चालणं' मधला च वेगळा, 'चार' मधला वेगळा. 'जग' मधला ज वेगळा, 'जीव' मधला वेगळा. गुरबाणीत 'चार'चा च आणि 'जीव'चा ज, सगळीकडे. 'हुकमि रजाई चलणा' म्हणताना माझी जीभ हटकून 'चालणं'कडे वळायची. ताई प्रत्येक वेळी हाताने थांबवायच्या, रागावल्या मात्र कधी नाहीत.

ण मात्र आपला जन्मजात. 'सुणिऐ', 'पाणी', 'जाणै' आपल्या तोंडून पहिल्या दिवसापासून नीट निघतं.

पुढे कधीतरी गुरुमुखी शिका. ३५ अक्षरांची 'पैंती' आहे. मुलांची अंकलिपी आणून रोज अर्धा तास बसले, दीड महिन्यात अडखळत वाचायला लागले. गुरुमुखीतला स हुबेहूब आपल्या म सारखा दिसतो, तेवढा सांभाळा.

४. जपजी, आठवड्याला पाच पौड्या

रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, रोजचा नितनेम सांगितला आहे: सकाळी जपजी, जाप आणि सवय्ये, संध्याकाळी रहरास, झोपताना सोहिला. अमृतधारी शिखाने तो पाळायचा असतो. नवखा माणूस उत्साहात पहिल्याच सोमवारी सगळ्या बाण्या सुरू करतो, आणि पुढच्या सोमवारी गुटका कपाटात जातो. माझंही तसंच झालं होतं. माझा गुटका दोन महिने कपाटात होता.

आठवड्याला पाच पौड्या घ्या. सोमवारी अर्थ वाचा. मंगळवार ते शनिवार त्याच पाच सावकाश म्हणा. रविवारी आतापर्यंतच्या सगळ्या. आठ आठवड्यांत जपजी पूर्ण होते.

अर्थ वाचताना कुठल्यातरी ओळीपाशी तुम्ही थांबाल. थांबा तिथेच, त्या दिवशी पुढे जाऊ नका. माझी ओळ विसाव्या पौडीत आली. हात, पाय, अंग मळलं तर पाण्याने धुतलं जातं. कपडा खराब झाला तर साबण लावून धुतात. आणि बुद्धी पापाने माखली तर ती नामाच्या रंगाने धुतली जाते. 'ओहु धोपै नावै कै रंगि'. मी ते वाचलं आणि मोरीत कपडे भिजत घातलेले होते ते धुवायला उठले. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्यावर एकदा ओरडले होते. शर्टाची कॉलर घासताना ते आठवलं, आणि पहिल्यांदाच ते आठवूनही मी पळाले नाही. तो आठवडा मी त्या एकाच पौडीवर राहिले.

अजून एक. वाचताना आपल्याला सारखं वाटतं, "हे तर ज्ञानोबा-तुकोबांचंच आहे." साम्य आहे, आणि ते खरं आहे. पण म्हणून 'शीख म्हणजे आपलाच एक पंथ' असं बोलू नका. ही दहा गुरूंची, स्वतःच्या ग्रंथाची, स्वतःच्या मर्यादेची स्वतंत्र वाट आहे. आपुलकीने बोललेलं ते वाक्य समोरच्याला किती लागतं, हे मी ताईंच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

आणि गुरू ग्रंथ साहिब घरी आणण्याच्या भानगडीत पडू नका. ते पुस्तक नाही, जिवंत गुरू मानून रोज सकाळी प्रकाश (विधीने उघडणं) आणि रात्री सुखासन (विधीने मिटून ठेवणं) करावं लागतं, त्यासाठी वेगळी खोली लागते. गुटका पुरे.

५. सिमरन: वाहेगुरू

जपजी झाली की उठू नका. दहा मिनिटं 'वाहेगुरू' म्हणा. पहिले काही आठवडे मोठ्याने, स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतकं. नंतर ओठांतल्या ओठांत. नंतर जीभ थांबते आणि आत चालू राहतं. ते आपोआप होतं, ओढून आणायचं नाही.

मोजू नका. माळेने म्हणणारे आहेत, त्यांना त्यात रस असेल तर असो. माझं मात्र लक्ष आकड्याकडे जायचं.

मन जाणारच. माझं तर भाजीच्या यादीकडे जायचं, हमखास मेथीकडे. गेलं हे कळलं की पुढचा 'वाहेगुरू' जरा मोठ्याने म्हणा. एवढंच. स्वतःवर चिडण्यात अजून दोन मिनिटं जातात.

श्वासाबद्दल सावध करते. श्वास घेताना 'वाहे', सोडताना 'गुरू' असं हलकेच म्हणणारे पुष्कळ आहेत, त्याने मन शांत होतं. पण मी एका शिबिरात गेले होते, तिथे झटके देत, जोरजोरात, अर्धा-अर्धा तास श्वास घ्यायला लावायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या हातांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की 'शक्ती जागी होतेय'. डॉक्टरांनी सांगितलं, असा श्वास घेतला की कुणालाही होईल. मी ते बंद केलं ते कायमचं. चक्कर, छातीत धडधड, झोप उडणं यांतलं काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

६. पहाट आणि रात्र

चौथ्या पौडीतच अमृतवेळा आली आहे, सूर्य उगवण्याआधीची वेळ. पण गजर साडेचारचा लावून बारा वाजता झोपलं तर सिमरन होत नाही, पेंग येते. आधी झोपण्याची वेळ मागे आणा, पंधरा-पंधरा मिनिटांनी. मला साडेपाचवरून साडेचारवर यायला चार महिने लागले. रात्रपाळी असेल, घरात तान्हं मूल असेल, तर झोपेतून उठल्यावरची पहिली मोकळी वेळ धरा.

रात्रीचा सोहिला मात्र लगेच सुरू करा. पाचच शबद, सहा-सात मिनिटं. फोन बाजूला ठेवल्यानंतर आणि दिवा घालवण्याआधी. त्यातला तिसरा शबद म्हणजे गुरू नानकांची आरती: 'गगन मै थालु रवि चंदु दीपक बने'. आकाश हेच ताट, सूर्य-चंद्र हे दिवे, तारे म्हणजे मोती, मलयगिरीवरून येणारा वारा हा धूप.

हीच बाणी शीख माणसाच्या अंत्यसंस्कारातही म्हणतात, हे मला नंतर कळलं. कळल्यावर ती रोज झोपताना म्हणणं मला जड जाईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. वडिलांच्या आठवणीला रोजची एक जागा मिळाली.

७. अरदास

अरदास म्हणजे प्रार्थना. ती उभं राहून, हात जोडून करतात. तिचा ठरलेला पाठ आहे: दहा गुरूंचं स्मरण, मग गुरू ग्रंथ साहिब, मग ज्यांनी धर्मासाठी प्राण दिले ते सगळे, आणि शेवटी आपलं मागणं. संपते ती 'नानक नाम चढ़दी कला, तेरे भाणे सरबत दा भला' या ओळीवर. सर्वांचं भलं होवो. पसायदान म्हणत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

सुरुवातीला पूर्ण पाठ येत नसेल तर मूलमंत्र म्हणा, मग मराठीत बोला, मग शेवटची ओळ. गुरुद्वाऱ्यात तुमच्या नावाने अरदास करायला ग्रंथीजींना सांगता येतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वडिलांसाठी काय, ते कळलं. तुमच्यासाठी काय मागू?" मला काही सुचेना. ते म्हणाले, "भाणा मानण्याचं बळ मागतो." भाणा म्हणजे त्याची मर्जी, जे घडलं ते. नोकरी, लग्न, मुलांचे मार्क हे मागू नये असं कुणी म्हणत नाही, मीही मागते. पण तेव्हापासून यादीत पहिलं हेच असतं.

८. हाताला काम द्या

सेवेशिवाय नुसतं बसणं कोरडं पडतं. लंगरमध्ये भाजी चिरा, भांडी घासा, जोडाघरात चपला लावा. विचारायची गरज नसते, बाजूला बसून कामाला लागायचं.

मी परशादे भाजायला बसले होते. लंगरमध्ये पोळीला परशादा म्हणतात. मोठा तवा, एका वेळी वीस-पंचवीस पडलेले. मला वाटलं, इथे सिमरन करायचं म्हणजे मन आत वळवायचं, म्हणून मी मधूनमधून डोळे मिटत होते. कडेचे तीन करपले. शेजारी ताईंच्या सासूबाई होत्या, सगळे त्यांना बीजी म्हणतात. त्यांनी माझ्या हातातलं उलथणं घेतलं, एक उलटला आणि म्हणाल्या, "वाहेगुरू." दुसरा उलटला, "वाहेगुरू." मग उलथणं परत माझ्या हातात दिलं. "डोळे उघडे ठेव, बेटा. उलट आणि म्हण. पुढचा उलट, पुन्हा म्हण."

दीड तास मी तेच केलं. एकही करपला नाही. नामदेवांचा पतंग मला त्या तव्यापाशी कळला. गुरू ग्रंथ साहिबमध्ये कबीरांच्या सलोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचन विचारतात, नामा, हे कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव सांगतात, मुखाने राम सांभाळ, हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी.

बँकेत मात्र एक शिकले. नोटा मोजताना जिभेवर नाम नको, मोजणी चुकते. दोन ग्राहकांच्या मधल्या क्षणात म्हणायचं. शिक्का मारला, 'वाहेगुरू', पुढचं पासबुक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनची रांग दारापर्यंत असते आणि काउंटरवर आवाज चढतात. माझाही चढायचा. आता चढत नाही असं नाही, पण चढायला लागला की मला कळतं.

९. 'अनुभव' येतात तेव्हा आणि येत नाहीत तेव्हा

लोक विचारतात, तुला काही दिसतं का? प्रकाश, नाद?

साधारण सहाव्या महिन्यात एका रात्री गच्चीवर सोहिला म्हणत होते. आरतीच्या ओळीला वर बघितलं. लाइट गेले होते, आभाळ भरून चांदण्या. अचानक असं वाटलं की म्हणणारी मी नाहीच, म्हणणं नुसतं चालू आहे. किती वेळ गेला ते कळलं नाही. गाल ओले होते, पण दुःख नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मी रोज त्याच गच्चीवर, त्याच जागी, त्याच वेळी बसले. काही झालं नाही. मी जास्त वेळ बसायला लागले, चिडचिड वाढली, मुलाला वेळ देईना. तेव्हा ताईंनी पहिल्या पौडीतली ओळ दाखवली, जी मी रोज म्हणत होते आणि ऐकत नव्हते: 'चुपै चुप न होवई जे लाइ रहा लिव तार'. अखंड तार लावून बसलं तरी गप्प बसण्याने मन गप्प होत नाही. मग खोटेपणाची भिंत तुटायची कशी, असा प्रश्न तीच पौडी विचारते, आणि उत्तर देते: त्याच्या हुकमाने, त्याच्या मर्जीने चालणं. मी पुन्हा खोलीत, सतरंजीवर बसायला लागले.

कोरडे महिनेही येतात. एका वर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं, शब्द लाकडासारखे. अशा वेळी हे करा:

- वेळ कमी करा, बंद करू नका. मूलमंत्र पाच वेळा आणि सोहिला, इतकं ठेवा.
- वहीत फक्त तारीख आणि खूण. कसं वाटलं ते लिहू नका.
- आठवड्यातून एकदा संगतीत जा, कीर्तन ऐका.
- एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीचंच करा.

एखाद्याचं दुःख मात्र याने हलत नाही, महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही. तिथे समुपदेशक किंवा डॉक्टर हवेत, सिमरन त्याच्या सोबतीने. मी स्वतः त्या वर्षी दोन्ही केलं.

१०. नांदेडला याल तेव्हा

१७०८ साली दहावे गुरू गोबिंद सिंह यांनी इथेच गुरू ग्रंथ साहिबला गुरुगादी दिली आणि इथेच देह ठेवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस थेट येते. यात्री निवासात राहायचं असेल तर प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा, गुरुपुरबाच्या (गुरूंच्या जयंती-पुण्यतिथीच्या) आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत खूप गर्दी असते. इथल्या मर्यादेत आरतीसारख्या काही गोष्टी अमृतसरपेक्षा वेगळ्या आहेत. दोन्हीकडे जाऊन आलेला नवखा माणूस गोंधळतो, म्हणून आधीच सांगितलं. गुरू गोबिंद सिंहांच्या अंत्यसंस्काराच्या जागी असलेल्या आतल्या अंगीठा साहिबच्या दालनात फक्त पुजारी जातात, आपण बाहेरून माथा टेकायचा.

एक रात्र जागायची तयारी ठेवा. मध्यरात्र उलटल्यावर तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात. आणणाऱ्याला गागरिया सिंघ म्हणतात. रस्ता शांत असतो, अनवाणी पावलं आणि मागून येणाऱ्यांचा जप एवढंच ऐकू येतं. पाणी हिंदकळत नाही. गागर जवळून जाईल तेव्हा वाटेतून बाजूला व्हा, हात जोडा, आणि फोन खिशातच राहू द्या.